तुम्ही विचारलंत म्हणून: तैवान देश आहे की नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर हल्ली मी या प्रश्नाला हसून बगल देते. सुट्टीला साताऱ्याला गेले की कोणीतरी विचारतंच. काका लोकांचा सूर "अगं पण तो देश आहे का नक्की, की चीनचाच भाग?" असा असतो, मावशीचं सरळ "चीनमध्येच असतेस ना गं तू?" असतं, आणि बँकेत केवायसीला गेलं की काउंटरवरची मुलगी यादीत वरखाली शोधून म्हणते, मॅडम नुसतं तैवान नाहीये, 'तैवान, प्रॉव्हिन्स ऑफ चायना' आहे, करू सिलेक्ट? यात बँकेचा काही दोष नाही, देशांच्या कोडची एक आंतरराष्ट्रीय यादी आहे त्यात तसं लिहिलंय आणि जगभरची सॉफ्टवेअरं तीच उचलतात. मी म्हणते कर बाई, मागे रांग आहे.

छोटं उत्तर असं की देश म्हणायला जे काही लागतं ते सगळं इथं आहे, फक्त बहुतेक देश ते तोंडानं बोलत नाहीत. आणि माझं स्वतःचं मत विचाराल तर हे जे अर्धवट लटकलेलं वाटतं ना, ते कोणाच्या विसरण्यानं राहिलेलं नाही, इथल्या लोकांनी, अमेरिकेनं आणि खरं तर बीजिंगनंसुद्धा ते तसं सांभाळून ठेवलंय, त्यामुळे एका शब्दात हो की नाही सांगा असं कोणी म्हटलं की मला थोडा रागच येतो.

मी राहते तैवानमधल्या शिंचूमध्ये, म्हणजे जिथं त्या चिपच्या कंपन्या आहेत तिथं, १९८७ साली टीएसएमसी ही चिपची मोठी कंपनी इथंच सुरू झाली. रोजच्या आयुष्यात चीन नावाची गोष्ट कुठं येते? कुठंच नाही. टॅक्स तैपेईला, म्हणजे इथल्या राजधानीला जातो, दवाखान्यात इथलं हेल्थ कार्ड चालतं, नोटा इथल्या, पोलीस इथले, सैन्य इथलं. दोन कोटी तीस लाखांच्या वर लोक, आकार म्हणाल तर महाराष्ट्राच्या साधारण आठव्या हिश्श्याएवढा, आणि १ ऑक्टोबर १९४९ ला माओनं जे चीनचं सरकार स्थापन केलं त्या सरकारनं इथं एक दिवससुद्धा राज्य केलेलं नाही. हे शेवटचं वाक्य मी काकांना सांगितलं की ते जरा थबकतात, कारण आपल्याकडे समज असा की आधी एक होते आणि मग हे फुटून निघाले.

पण लगेच गंमत बघा. २०२४ साली दुकानातून दूध आणलं आणि बिल बघितलं तर त्यावर सन २०२४ नसायचं, ११३ असायचं. कारण इथलं वर्ष १९१२ पासून मोजतात, म्हणजे चीनमध्ये बादशाही जाऊन प्रजासत्ताक आलं तेव्हापासून. माझ्या रेसिडेंट कार्डावरही रिपब्लिक ऑफ चायना लिहिलंय. म्हणजे ज्यांना आपण तैवान म्हणतो त्यांचं अधिकृत नाव चीनचं प्रजासत्ताक, आणि ज्यांना आपण चीन म्हणतो ते चीनचं जनवादी प्रजासत्ताक. मावशी अगदीच चुकत नाही म्हणा.

हे असं कसं झालं ते थोडक्यात सांगते. १८९५ ला चीनचा बादशहा जपानशी लढाई हरला आणि तैवान जपानला देऊन बसला. पुढं ५० वर्षं जपानचं राज्य, रेल्वे, साखर कारखाने, शाळा सगळं जपानी. १९४५ ला जपान हरलं, तेव्हा चीनवर चँग कै-शेकच्या कुओमिन्टांग पक्षाचं सरकार होतं, त्यांनी येऊन बेटाचा ताबा घेतला. लोकांनी आधी स्वागत केलं आणि दीड वर्षात तोंड पोळलं. फेब्रुवारी १९४७ मध्ये तैपेईत बिनकराच्या सिगारेटी विकणाऱ्या एका बाईला सरकारी माणसांनी मारहाण केली, जमाव भडकला, दुसऱ्या दिवशी २८ तारखेला अख्खं शहर रस्त्यावर, आणि मग मार्चमध्ये चीनहून फौज आली. किती मेले? सरकारनं नंतर नेमलेल्या समितीचा अंदाज १८ ते २८ हजार. आज २८ फेब्रुवारीला इथं सार्वजनिक सुट्टी असते, पण कित्येक दशकं घरातसुद्धा हा विषय काढायची चोरी होती.

मग १९४९ ला चँग कै-शेक माओकडून हरला आणि सरकार, फौज, सोनं, राजवाड्यातल्या संग्रहालयाच्या पेट्या, सगळं घेऊन इथं आला. दहा-पंधरा लाख तरी माणसं आली असतील त्या लोंढ्यात. मार्शल लॉ लागला तो १९८७ ला उठला, ३८ वर्षं. या काळातली मला सगळ्यात अजब वाटणारी गोष्ट म्हणजे इथली संसद. १९४७-४८ ला चीनमधल्या प्रांतांतून निवडून आलेले सभासद इथं येऊन बसले, आणि त्यांचे मतदारसंघ तर आता शत्रूच्या ताब्यात, मग निवडणूक घेणार कशी, म्हणून ते बसले ते बसलेच. ४० वर्षांहून जास्त! म्हातारे झाले, काही जण व्हीलचेअरवरून मतदानाला यायचे, १९९१ च्या शेवटी त्यांना एकदाचं घरी पाठवलं. आपल्याकडे आमदार पाच वर्षांत दिसत नाही म्हणून ओरडतो आपण.

आता कायद्याचा तिढा, हा साताऱ्याच्या माणसाला मी सातबाऱ्यावरून समजावते. १९५१ ला सॅन फ्रान्सिस्कोत जपानबरोबर तह झाला, त्यात जपाननं तैवानवरचा सगळा हक्क सोडला. सोडला, पण कोणाच्या नावे सोडला ते लिहिलंच नाही. हक्कसोड झालं, समोरच्या नावाचा रकाना कोरा. कारण त्या तहाला दोन्हीपैकी एकाही चीनला बोलावलं नव्हतं, मोठ्या राष्ट्रांचंच जमत नव्हतं की खरा चीन कोणता. (भारतही गेला नाही, आपण १९५२ ला जपानशी वेगळा तह केला.) तेव्हापासून बीजिंग म्हणतं जमीन आमच्या पूर्वजांची, फेरफार झाला काय न झाला काय. तैपेईतला एक पक्ष म्हणतो १९४५ पासून ती रिपब्लिक ऑफ चायनाचीच आहे. आणि तिसरा गट म्हणतो इतकी वर्षं कसतोय आम्ही, आम्हाला कोणी विचारलंय का.

त्यात १९७१ चा ठराव. संयुक्त राष्ट्रांत तोपर्यंत चीनची खुर्ची चँग कै-शेककडे होती, सुरक्षा परिषदेतली नकाराधिकारवाली. २५ ऑक्टोबरला ठराव २७५८ मंजूर झाला, ७६ विरुद्ध ३५, की खुर्ची बीजिंगची, आणि चँग कै-शेकच्या प्रतिनिधींना बाहेर काढा. भारतानंही बाजूनं मत दिलं, आपण तर ३० डिसेंबर १९४९ लाच बीजिंगला मान्यता देऊन मोकळे झालो होतो. पण तो ठराव काढून वाचा, एका पानाचा पण नाही, त्यात तैवान हा शब्दच नाही. खुर्चीवर कोण बसणार एवढंच ठरलं त्यात, बेट कोणाचं हे ठरलंच नाही. बीजिंग आज तो ठराव तैवान आमचं असल्याचा कागद म्हणून दाखवतं, ते मला पटत नाही. १ जानेवारी १९७९ ला अमेरिकेनंही बाजू बदलून बीजिंगला मान्यता दिली, पण त्याच वर्षी तिथल्या संसदेनं वेगळा कायदा करून तैवानला शस्त्रं विकायची सोय ठेवली, आणि अमेरिकेच्या सरकारनं बीजिंगचं म्हणणं काय आहे ते आम्हाला माहीत आहे एवढंच म्हटलं, पटलंय असं नाही म्हटलं. मोठे हुशार लोक. तैपेईत त्यांचा दूतावास नाही, 'अमेरिकन इन्स्टिट्यूट' आहे. आपलंही तसंच, १९९५ पासून 'इंडिया-तैपेई असोसिएशन' आहे, पाटीवर दूतावास नाही पण पासपोर्ट रिन्यू तिथंच होतो.

अधिकृत मान्यता देणारे देश किती म्हणाल तर जानेवारी २०२४ ला नाउरूनं साथ सोडली तेव्हा १२ उरले होते, पॅराग्वे, ग्वाटेमाला, पलाऊ, एस्वातिनी, व्हॅटिकन वगैरे. आणि इथल्या पासपोर्टवर शंभराहून जास्त देशांत व्हिसाशिवाय जाता येतं, युरोप, जपान, अमेरिका सगळीकडे. आम्ही भारतीय पासपोर्टवाले इथं राहून व्हिसाच्या फाइली जमवत बसतो आणि माझी ऑफिसमधली मैत्रीण, जिचा देश म्हणे देशच नाही, ती शुक्रवारी रात्री बॅग भरून ओसाकाला जाते.

नावाचा खरा ताप खेळात होतो. ऑलिंपिकमध्ये हे 'चायनीज तैपेई' म्हणून उतरतात, १९८१ च्या कराराप्रमाणे, झेंडा वेगळा, राष्ट्रगीत नाही. टोकियोत यांच्या ली यांग आणि वांग ची-लिन जोडीनं बॅडमिंटन डबल्सच्या फायनलमध्ये चीनच्याच जोडीला हरवलं, शेवटचं फूल रेषेवर पडलं, रिव्ह्यू मागितला, स्क्रीनवर आलं 'इन', आणि दुसऱ्या दिवसापासून त्या हिरव्या कोर्टाचं आणि पांढऱ्या रेषेचं चित्र टीशर्टवर, केकवर, जिथं तिथं. पॅरिसला २०२४ मध्ये परत त्याच जोडीनं परत चीनच्याच जोडीला हरवलं. दोन्ही वेळा वर चढला तो तोच पांढरा ऑलिंपिकवाला झेंडा. त्याआधी २०१८ ला सार्वमत घेतलं होतं की टोकियोला 'तैवान' नावानं जायचं का, तर लोकांनी नाही म्हटलं! कारण ऑलिंपिक समितीनं आधीच दम दिला होता की नावाला हात लावलात तर खेळायलाच मिळणार नाही, आणि खेळाडूच म्हणाले बाबांनो आमचं करिअर घालवू नका. हे सार्वमत मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण इथला माणूस कसा विचार करतो ते त्यात दिसतं. मानाचं नाव आणि उद्याची मॅच यात तो मॅच निवडतो आणि त्याला त्याची लाज वाटत नाही.

चेंगची विद्यापीठ १९९२ पासून दरवर्षी लोकांना विचारतंय, तुम्ही स्वतःला काय समजता. तेव्हा चौघांतला एक जण फक्त चिनी म्हणायचा, आता शंभरात दोन-तीन. फक्त तैवानी म्हणणारे तेव्हा सतरा-अठरा टक्के होते, आता साठच्या पुढे. पण त्याच लोकांना विचारलं की स्वातंत्र्य जाहीर करायचं का लगेच, तर हो म्हणणारे चार-पाच टक्के, विलीन व्हायचं का लगेच, तर त्याहूनही कमी. बाकी सगळे या ना त्या शब्दांत म्हणतात, आहे तसं राहू दे. काकांना हे भित्रेपण वाटतं. मला नाही वाटत. बीजिंगनं २००५ ला कायदाच करून ठेवलाय की वेगळं व्हायला गेलात तर बळ वापरू, आणि सामुद्रधुनी सगळ्यात अरुंद जागी १३० किलोमीटर. त्यामुळे सत्तेतला डीपीपी (डेमोक्रॅटिक प्रोग्रेसिव्ह पार्टी) पक्ष म्हणतो आम्ही स्वतंत्र आहोतच, वेगळं जाहीर काय करायचंय, आणि कुओमिन्टांग म्हणते आम्ही रिपब्लिक ऑफ चायना आहोत, संपला विषय. आणि बीजिंगला गंमत म्हणजे हे दुसरं जास्त चालतं! ज्या झेंड्याला हरवून त्यांनी राज्य मिळवलं तोच झेंडा आणि तेच नाव तैवाननं टाकू नये असं त्यांना वाटतं, कारण त्या नावात निदान चीन आहे. इथल्या पोरांना ते नाव जुनाट वाटतं, पण २०२१ च्या नव्या पासपोर्टवर सरकारनं केलं काय, तर तैवान मोठ्या अक्षरांत आणि रिपब्लिक ऑफ चायना इंग्रजीत अगदी बारीक करून चिन्हाभोवती गोल फिरवलं. काढलं नाही हं.

हे सगळं एका जागी बघायचं तर किनमनला जावं. हे बेट तैवानपासून दोनशेएक किलोमीटर आणि चीनच्या शियामन शहरापासून बोटीनं अर्धा तास, म्हणजे नकाशात बघितलं तर ते चीनच्या कुशीतच आहे, पण राज्य तैपेईचं. आणि सरकारी हिशोबात किनमन तैवान प्रांतात येतच नाही, ते फूच्येन प्रांतात, बाकीचा जवळजवळ सगळा फूच्येन समोर चीनकडे. २३ ऑगस्ट १९५८ ला इथं तोफांचा मारा सुरू झाला, चव्वेचाळीस दिवसांत चार लाख सत्तर हजारांच्या वर गोळे पडले. मग पुढं चीननं फक्त विषम तारखांना गोळे टाकायचं ठरवलं, त्यातही प्रचाराची पत्रकं भरलेले, आणि हे १ जानेवारी १९७९ पर्यंत चाललं. लोकांनी दिनदर्शिका बघून बाजारहाट केला असणार.

आम्ही गेलो तेव्हा समुद्राकाठी वाळूत तिरके रोवलेले लोखंडी रुळांचे सुळके होते, गंज खाल्लेले, शिंपल्यांनी भरलेले, बोटी लागू नयेत म्हणून ठोकलेले, आणि त्यांच्या मधून पलीकडे शियामनचे टॉवर इतके स्पष्ट की खिडक्या मोजाव्यात. बेटावर ४८ भोंग्यांची एक सिमेंटची भिंत आहे, त्यातून पलीकडच्यांना प्रचार आणि गाणी ऐकवायचे. बाजारात एक लोहार त्या जुन्या गोळ्यांच्या पोलादाचे सुरे करतो, तुमच्यासमोर गोळ्याचा तुकडा कापतो, तापवतो, ठोकतो, चाक फिरवून धार लावतो, पंधरा-वीस मिनिटांत सुरी हातात. आमच्या घरी कांदा त्याच सुरीनं चिरतात. आणि हे सुरे विकत कोण घेत होतं एके काळी भरभरून? चीनहून बोटीनं आलेले पर्यटक. २०१८ पासून किनमनला प्यायचं पाणीसुद्धा चीनहून समुद्राखालच्या पाइपमधून येतं. तिथल्या लोकांना तुम्ही देश-बिश विचारा, ते म्हणतात पूल झाला तर बरं होईल, कोणी म्हणतं पूल अजिबात नको. मतदान बहुतेक कुओमिन्टांगला.

मतदानावरून आठवलं, तुम्हाला देशपणाचा पुरावा हवा असेल तर मी एकच दाखवेन, मतमोजणी. १३ जानेवारी २०२४ ची अध्यक्षपदाची निवडणूक. इथं टपालानं मत नाही, जिथं घराची नोंद तिथंच जाऊन द्यायचं, त्यामुळे आदल्या दिवशी ट्रेनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या शाळेत केंद्र होतं. चारला मतदान बंद, आणि तिथंच त्याच वर्गात पेट्या उघडतात. एक जण कागदाची मतपत्रिका काढतो, दोन्ही हातांनी डोक्यावर धरतो, मोठ्यानं नंबर पुकारतो, दुसरा तोच नंबर परत म्हणतो आणि भिंतीवरच्या मोठ्या कागदावर एक रेघ मारतो, पाच रेघांचं एक अक्षर पूर्ण झालं की पाच मतं. दारात कोणीही उभं राहून बघावं, आज्या, लहान पोरं, माझ्यासारखी परदेशी. एका मतावर शिक्का जरा रेषेला लागला होता तर तिघांनी मान घालून बघितलं, एक आजोबा दारातून म्हणाले नीट वर धरा, दिसत नाही. त्या पोरानं परत वर धरलं. साडेआठच्या आसपास निकाल स्पष्ट, डीपीपीचे लाई चिंग-ते ४० टक्क्यांवर जिंकले आणि त्याच मतदानात त्यांच्या पक्षाचं संसदेतलं बहुमत गेलं, ११३ पैकी ५१. सकाळी दुकानं उघडली, काही नाही.

भारताचं काय म्हणाल तर आपण जसे वागतो तसेच वागतोय. जुलै २०१८ ला चीनच्या विमान खात्याच्या पत्रानंतर एअर इंडियानं वेबसाइटवर तैवानचं चायनीज तैपेई केलं. मग २०२० ला गलवाननंतर एकदम सगळ्यांना तैवानचा पुळका आला, दिल्लीत चिनी दूतावासाबाहेर तैवानच्या राष्ट्रीय दिनाचे पोस्टर लागले. मला तेव्हा बरं वाटलं होतं आणि नव्हतंही. कारण त्यातल्या बहुतेकांना तैवानशी देणंघेणं नव्हतं, चीनला डिवचायला काहीतरी हवं होतं, आणि इथल्या माणसाला दुसऱ्याच्या हातातली काठी व्हायचं नाहीये. खरं काम हळू चाललंय, फेब्रुवारी २०२४ ला कामगार पाठवायचा करार झाला, धोलेऱ्यात टाटांबरोबर ९१ हजार कोटींचा चिपचा कारखाना करणारी पॉवरचिप आमच्या शिंचूचीच. आणि कराराच्या वेळी इथं काही लोकांनी भारतीय मजुरांविरुद्ध जे काय लिहिलं ते वाचून मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही, तेही सांगून ठेवते, फार हळवं चित्र नको.

भीती वाटत नाही का, हे हमखास पुढचं. वर्षातून एकदा दुपारी भोंगा वाजतो, फोन किंचाळतो, अर्धा तास रस्ते रिकामे, बस जिथल्या तिथं उभ्या. २०२४ पासून पोरांची सक्तीची सैनिकी चार महिन्यांची एक वर्ष झाली, आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंचा मुलगा सध्या तिकडंच आहे, तिची तक्रार चीनबद्दल नसते, तिथं भाज्या उकडून गिळगिळीत करतात याबद्दल असते. चिनी विमानं किती आली ते संरक्षण खातं रोज सकाळी आकड्यात टाकतं, ते मी हवामानाच्या आधी बघते, नंतर छत्री घ्यायची का ते बघते. वाटते भीती, पण रोज नाही वाटत.

बाकी यायचं असेल तर व्हिसाचं उत्तर फार सोपं आहे, ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईतच त्यांचं ऑफिस झालंय, दिल्ली-चेन्नईच्या चकरा वाचल्या. व्हिसावर रिपब्लिक ऑफ चायना छापलेलं असेल, घाबरू नका, विमान बरोबर तैपेईलाच उतरेल.